दहावीच्या भूमितीचं प्लास्टिक किट: ओतायला भारी, उलगडायला शून्य

पहिलंच सांगतो, मी काय मास्तर नाही. पतसंस्थेत क्लार्क आहे, आकडेमोड जमते पण भूमितीचा आणि माझा संबंध दहावीच्या निकालादिवशीच तुटला होता. हे किट घेतलं मुलीसाठी, ती यंदा दहावीला, मराठी मीडियम, स्टेट बोर्ड. तीन महिने वापरून झालंय म्हणून लिहितोय, दुकानातनं आणल्या दिवशी लिहिलं असतं तर पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो आणि आठवड्यात लिहिलं असतं तर शिव्या दिल्या असत्या.

तर प्रकार असा. भूमितीच्या पुस्तकात, म्हणजे गणित भाग २ मध्ये, सातवा आणि शेवटचा धडा महत्त्वमापन, म्हणजे घनफळ-पृष्ठफळ काढायचा. पेपर ४० मार्कांचा. हा धडा शेवटी असल्यामुळं बहुतेक ठिकाणी तो पळवत शिकवतात, सूत्रांचा एक तक्ता देतात आणि पाठ करा म्हणतात. आमच्या पोरीनं पाठ केला. झोपेत उठवून विचारलं तरी वक्रपृष्ठफळाचं, म्हणजे वळलेल्या बाजूच्या क्षेत्रफळाचं, सूत्र सांगेल. पण गणितात शंकूची उंची दिली की ती सरळ तिरकस उंचीच्या जागी टाकायची, आणि तिरकस दिली की घनफळात टाकायची. तिला म्हटलं अगं चित्र बघ की. तर म्हणे, "पप्पा, चित्रात दोन्ही रेघाच आहेत ओ, कुठली आतनं जाते आणि कुठली बाहेरनं हे कागदावर कसं कळणार?" मला उत्तर सुचेना. खरंच आहे, फळ्यावर शंकूचा पाया लंबगोल काढतात, निम्मी रेघ तुटक काढतात, ज्याला आधीच माहितीय त्याला ते गोल दिसतं, बाकीच्यांना अंडं दिसतं.

मग इथं सोलापुरात नवी पेठेत एका शालेय साहित्याच्या दुकानात गेलो (नाव देत नाही, पुढं कळेल का ते). तिथं प्रयोगशाळेचं सामान, नकाशे, सांगाडे असलं सगळं मिळतं. मालकांनी वरच्या फळीवरनं खोकं काढलं, धूळ झटकली, ११५० म्हणाले. हजाराला द्या म्हटलं तर म्हणे "शाळांना पण ह्याच भावात देतो मालक, हवं तर बघा." घेतलं. बाहेर येऊन ऑनलाइन बघितलं तर तसलंच दिसणारं नऊशेत होतं, पण हातात घेऊन बघता आलं हे महत्त्वाचं असं मनाला समजावत बसने घरी आलो.

खोक्यात बारा घनाकृती आहेत. सगळ्या पारदर्शक, पोकळ, ॲक्रिलिकसारखं जाड प्लास्टिक, एका बाजूला काढता येणारं झाकण. घन, इष्टिकाचिती (विटेचा आकार), वृत्तचिती (गोल डब्याचा आकार), शंकू, गोल (दोन अर्धे जोडून होतो), एक सुटा अर्धगोल, त्रिकोणी चिती, षटकोनी चिती, चौरस पायाची सूची (पिरॅमिड), त्रिकोणी सूची, आणि दोन लहान घन जे कशासाठी दिलेत ते अजून कळलं नाही. वृत्तचिती, शंकू आणि गोल हे तिघं एका मापाचे, बाहेरनं ८ सेंटीमीटर रुंद आणि ८ सेंटीमीटर उंच, आणि माझ्या मते सगळे पैसे ह्या तिघांचेच आहेत.

कारण काय, शंकू हातात घेतला आणि झाकण काढून आत पट्टी घातली की तिरकस उंची आणि लंब उंची हा घोळ एका मिनिटात मिटतो. पट्टी भिंतीला टेकवून बाहेरच्या अंगानं ठेवली की तिरकस, शंकू उलटा धरून तोंडातनं सरळ खाली टोकापर्यंत सोडली की लंब, आणि त्रिज्या तर समोर दिसतेच. तिघं मिळून काटकोन त्रिकोण होतो हे पोरीनं स्वतः बोलून दाखवलं, मी गप्प होतो. आईशप्पथ सांगतो, एवढ्यासाठीच मी ११५० देऊन टाकले असते.

आता ओतायचा प्रयोग. शंकूचं घनफळ त्याच मापाच्या वृत्तचितीच्या एक तृतीयांश, म्हणजे तीन शंकू पाणी ओतलं की वृत्तचिती भरायला पाहिजे. ओतलं. एक, दोन, तीन... आणि वर जागा शिल्लक! थोडीथोडकी नाही, चांगली दिसण्याइतकी. परत केलं, सांडू न देता, तरी तेच. पोरगी म्हणे सूत्र चुकलं. मी म्हटलं सूत्र दोन हजार वर्षं चालतंय, आपल्या स्वयंपाकघरात कसं चुकेल. माझी तर खात्री झाली की किट डुप्लिकेट आहे, दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर परत द्यायला जायचं ठरवलं होतं.

पण रात्री पोरगी पट्टी घेऊन बसली. बाहेरनं दोघं ८ सेंटीमीटर, बरोबर. आतनं मोजलं तर दोघांची तोंडं ७.६, कारण प्लास्टिक २ मिलिमीटर जाड. पण आतली खोली? वृत्तचितीची ७.८ आणि शंकूची ७.५. वृत्तचितीचा तळ सपाट, तिथं २ मिलिमीटर गेले तर तेवढेच गेले. शंकूची भिंत तिरकी, जाडी तिचीपण २ मिलिमीटरच, पण टोकाशी उभ्या अंगानं बघितलं तर साडेचार-पाच मिलिमीटर प्लास्टिकच आहे. म्हणजे पाण्याला मिळणारा शंकू बुटका. मग हिशोब केला, ३.८ चा वर्ग १४.४४, त्याला ३.१४ नं गुणलं की ४५.३४, गुणिले ७.८ म्हणजे वृत्तचितीत साधारण ३५४ मिली, आणि शंकूत ४५.३४ गुणिले ७.५ भागिले ३, म्हणजे ११३. तीन शंकू ३४०. चौदा मिली कमी पडणारच की! आणि वर किती जागा उरली होती ती मोजली तर ३ मिलिमीटर, ७.८ वजा ७.५, अगदी तेवढीच. पोरगी रात्री साडेअकराला नाचत होती.

म्हणजे बघा, किटमधला हा दोष आहे का? आहे. कंपनीनं आतली मापं सारखी ठेवायला पाहिजे होती, ओतण्यासाठी बनवताय तर आतनंच मोजा ना राव. शाळेत पस्तीस पोरांसमोर हा प्रयोग केला आणि तीन मिलिमीटर कमी पडलं तर सर "साधारण भरलं" म्हणून पुढं जाणार आणि पोरांना वाटणार गणितात साधारण चालतं. पण आमच्या घरी ह्या तीन मिलिमीटरनं जे शिकवलं ते बरोब्बर भरलं असतं तर शिकवलं नसतं हेही तितकंच खरं. परत द्यायला गेलो नाही.

झाकणांचं मात्र रडगाणं आहे. बसतात घट्ट पण पाणी धरत नाहीत. गोलाचे दोन अर्धे जोडून पाणी भरलं की मधनं टिप टिप गळतं. शंकूचं झाकण तर दुसऱ्याच आठवड्यात कडेला तडकलं. दुकानात घेऊन गेलो तर मालक म्हणाले, "उघडलेला माल परत घेत नाय ओ, कंपनीला कळवतो." कळवलं असेल नसेल, झाकण आलं नाही. आणि आमच्याकडं पाणी चार दिवसाआड, त्यात ही पोरगी रोज वृत्तचित्या भरतेय म्हटल्यावर बायकोनं दुसऱ्याच दिवशी पाणी बंद केलं. म्हणाली ज्वारी घ्या, घरात पोतं पडलंय. ज्वारी तर पाण्यापेक्षा बरी निघाली! गळत नाही, पट्टीनं वरनं सपाट करता येते, सांडली तर गोळा करून परत डब्यात. दाण्यांमध्ये हवा राहते हे खरं, पण दोन्हीत सारखीच राहते त्यामुळं गुणोत्तराला धक्का लागत नाही, फक्त भांडं आपटू नका, आपटलं की ज्वारी दबते आणि चौथा शंकू निम्मा ओतावा लागतो. हे पुस्तिकेत लिहिलेलं नाही, आमचं संशोधन आहे.

गोलाचं पण केलं. अर्धगोल दोनदा भरून त्याच वृत्तचितीत ओतला की दोन तृतीयांश भरते, आणि वर उरलेल्या जागेत एक शंकू मावतो (आमचा बुटका शंकू असल्यानं थोडं कमीच). शंकू, गोल, वृत्तचिती यांचं प्रमाण एकास दोनास तीन. हे पोरीला इतकं आवडलं की तिनं वहीच्या पहिल्या पानावर काढून ठेवलंय. तिला म्हटलं ह्याच गोष्टीवर ग्रीक गणिती आर्किमिडीज एवढा खूश होता की थडग्यावर गोल आणि त्याभोवती वृत्तचिती कोरायला सांगून ठेवलं होतं, आणि इसवी सनापूर्वी ७५ मध्ये रोमचा सिसेरो सिसिलीत अधिकारी असताना त्याला ते काट्याकुट्यात सापडलं, दगडावरच्या गोल आणि वृत्तचितीवरनंच ओळखलं. ती म्हणे आपल्यात कुणी नव्हतं का? होतं की. पण गंमत अशी की आर्यभटाच्या ४९९ च्या ग्रंथात गोलाच्या घनफळाचा जो नियम आहे तो चुकतो, बराच जास्त येतो. बरोबर नियम भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे, ११५० सालची. वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाचं पृष्ठफळ, त्याला व्यासानं गुणा आणि सहानं भागा, झालं घनफळ. आमच्या ८ सेंटीमीटरच्या गोलाला लावून बघितलं, ५०.२४ ची चौपट २००.९६, गुणिले ८, भागिले ६, २६७.९. पुस्तकातल्या सूत्रानं पण तेच. पोरगी म्हणे, "म्हणजे आर्यभटाचा पण गोल चुकला? मग माझा एक मार्क गेला तर काय झालं." ह्यावर मी काय बोलणार.

बरं लीलावतीतल्या त्या नियमाच्या श्लोकात एक उपमा आहे, पृष्ठफळ म्हणजे चेंडूभोवतीच्या जाळीसारखं. ती जाळी आम्ही घरी करून बघितली. सोलापुरात सूत-सुतळीला काय तोटा. अर्धगोलाच्या सपाट झाकणावर मधोमध सुरुवात करून सुतळी गोलगोल चिकटवत गेलो, पूर्ण झाकलं, मग ती उलगडून मोजली, २ मीटर ६० सेंटीमीटर. मग घुमटावर तशीच टोकापासून कडेपर्यंत गुंडाळली, ५ मीटर आणि वर थोडी. दुप्पट! म्हणजे अर्ध्या गोलाचं वक्रपृष्ठफळ दोन पाय आर वर्ग (पाय म्हणजे ते ३.१४, आर म्हणजे त्रिज्या), अख्ख्या गोलाचं चार. हे चार कुठनं आलं हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. गोंद मात्र प्लास्टिकवरनं अजून निघत नाहीये.

आता पुस्तिका. किटबरोबर सोळा पानांची रंगीत पुस्तिका येते, ती मी तुम्हाला कळकळीनं सांगतो, खोक्यातनं काढून रद्दीत टाका. एक तर मराठी म्हणून जे छापलंय ते हिंदीतनं उचललेलं, वृत्तचितीला बेलन, इष्टिकाचितीला घनाभ. आमच्या घरी बेलन म्हटलं की बायको हिंदी सिरियलमधली सासू आठवते. पोरांना बोर्डाच्या पुस्तकातले शब्द पाहिजेत, परीक्षेत तेच येणार. दुसरं म्हणजे चुका. शंकूचं वक्रपृष्ठफळ पाय आर एच छापलंय, एच म्हणजे लंब उंची, पाहिजे एल, म्हणजे तिरकस उंची. एच! ज्या एका गोष्टीसाठी हे किट घ्यायचं, तिथंच चूक. आणि गोलाच्या चित्राखाली पृष्ठफळ तीन पाय आर वर्ग, ते भरीव अर्धगोलाचं एकूण पृष्ठफळ आहे, कुणीतरी ओळी वरखाली केल्यात. एक स्टार पूर्ण ह्या पुस्तिकेसाठी कापतोय, अर्धा झाकणांसाठी, म्हणजे पाचपैकी साडेतीन.

अजून एक स्टार कापणार होतो कारण ह्या बारा घनाकृतींमध्ये शंकूछेदच (टोक कापलेला शंकू) नाही! दहावीला शंकूछेद आहे, त्याची सूत्रं सगळ्यात लांबलचक, पोरं त्यालाच सगळ्यात जास्त घाबरतात, आणि खोक्यावर "इयत्ता ८ ते १०" लिहून शंकूछेद दिला नाही. षटकोनी चिती दिलीय, लहान घन दोन दोन दिलेत. पण इथं आमचे आप्पा मध्ये पडले म्हणून तो स्टार राहू दिलाय.

आप्पा म्हणजे माझे वडील. शुक्रवार पेठेत त्यांचं पत्र्याचं दुकान होतं, बादल्या, नरसाळी, धान्याच्या कोठ्या, डबे, चाळीस वर्षं तेच केलं. शिक्षण सातवी. तीन महिने ते पलंगावर बसून आमचा हा ज्वारीचा खेळ बघत होते, काही बोलत नव्हते. एक दिवस पोरगी शंकूछेद कुठाय म्हणून किटवर चिडली तर म्हणाले, "मोरीतली बादली आण की. ती काय हाय मग?"

बादली! रोज आंघोळ करतोय तिच्यात. आणली. आतनं मोजली, वरचा व्यास ३०, तळाचा २२, उंची २७. त्रिज्या १५ आणि ११. सूत्रात टाकलं, १५ चा वर्ग २२५, ११ चा १२१, दोघांचा गुणाकार १६५, बेरीज ५११, गुणिले उंची भागिले तीन म्हणजे गुणिले ९, झाले ४५९९, गुणिले ३.१४, आले १४४४१. म्हणजे १४ लिटर ४४१ मिली. लिटरच्या बाटलीनं भरली (पाणी आलेला दिवस होता, बायकोची परवानगी होती), चौदा बाटल्या पूर्ण बसल्या आणि पंधरावी निम्म्याच्या आत थांबली. बादलीच्या बुडाला १५ लिटर छापलंय, ते वेगळं.

पण मला सांगायचंय ते ह्याच्या पुढचं. पोरीनं विचारलं आप्पा तुम्हाला हे सूत्र येत होतं का. म्हणाले सूत्र नव्हतं, खिळा होता. बादलीचा पत्रा कापायचा तर बादली आधी कागदावर आडवी बघायची, दोन्ही बाजूच्या तिरक्या रेघा खाली लांबवत न्यायच्या, जिथं भेटतील तिथं खिळा. त्या खिळ्याला दोरी बांधून दोन गोल मारायचे, एक तोंडाचा एक तळाचा, मधली पट्टी कापली की बादली. म्हणजे मोठ्या शंकूतनं छोटा शंकू वजा! पुस्तकातपण शंकूछेद असा शंकू कापूनच दाखवलाय आणि आम्ही ती ओळ वाचून पुढं गेलो होतो. आमच्या बादलीला हिशोब केला तर तो खिळा तोंडापासून एक मीटर दोन-तीन सेंटीमीटर लांब येतो, आप्पा म्हणे म्हणूनच बादल्या दुकानाबाहेर रस्त्यावर आखायचो, आत जागा नसायची.

मग त्यांनी नरसाळं कापून दाखवलं, पत्रा नाही, चादरीच्या खोक्याचा पुठ्ठा. तोंड १४ सेंटीमीटर, बाजूची लांबी २५. पंचवीसची दोरी घेऊन कमान मारली. आता कमान किती लांब घ्यायची? "तोंडाचा घेर. चौदा त्रिक बेचाळीस, आणि चौदाचा सातवा हिस्सा दोन, चव्वेचाळीस. वर एक सेंटीमीटर वळ घालायला." पोरगी बघतच राहिली, कारण तीन आणि वर एक सातवा हिस्सा म्हणजे बावीस सप्तमांश, म्हणजे पाय. आप्पांना पाय हे नावच माहीत नव्हतं, "सातवा हिस्सा धरायचा" एवढंच उस्तादानं शिकवलेलं.

ती पुठ्ठ्याची कापलेली पाकळी खाली पडली होती आणि पोरगी एकदम म्हणाली, "पप्पा ही तर वर्तुळपाकळी आहे." हो की! त्याच सातव्या धड्यात वर्तुळपाकळी आहे, कंसाची लांबी आहे, तिचं क्षेत्रफळ आहे. आणि त्याच धड्यात शंकू आहे. आणि एका धड्यात असून ही दोन एकच वस्तू आहेत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, मला तर नव्हतंच नव्हतं. पाकळीचं क्षेत्रफळ म्हणजे अर्धा गुणिले कंस गुणिले त्रिज्या, अर्धा गुणिले ४४ गुणिले २५, झालं ५५०. आणि शंकूचं पाय आर एल, बावीस सप्तमांश गुणिले ७ गुणिले २५, झालं ५५०. तिला विचारलं आता सांग एल का आणि एच का नाही. म्हणे, "कारण दोरी एलची घेतली ना." पत्रा बाजूनं चालतो, आतनं नाही. नरसाळं उभं केल्यावर उंची किती येते तेपण मोजली, २४. सात, चोवीस, पंचवीस, पायथागोरसचं त्रिकुट, आप्पांनी मुद्दाम घेतलं नव्हतं, नरसाळ्याचं मापच तसं धरायची त्यांची सवय.

आणि इथंच ह्या किटचा खरा दोष लक्षात आला जो मला तीन महिने कळला नव्हता. ह्यातलं काहीच उलगडत नाही. घनफळ समजतं, ओता आणि मोजा. पृष्ठफळ समजायला वस्तू सोलावी लागते, सपाट करावी लागते, आणि ॲक्रिलिक सोलत नाही. पोरांना सूत्रांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ पृष्ठफळाचाच असतो, एकूण कुठलं, वक्र कुठलं, तळ धरायचा का नाही. कंपनीनं दोन लहान घनांच्या जागी चार पुठ्ठ्याचे सपाट आकार जरी टाकले असते, दुमडून घन होणारा, गुंडाळून वृत्तचिती होणारा, पाकळीचा शंकू, पट्टीचा शंकूछेद, तरी किट पूर्ण झालं असतं. खर्च वीस रुपये आला असता फार तर.

एका बाबतीत मात्र पृष्ठफळाला पण किट कामाला आलं, जोडलेल्या वस्तू. शंकूवर अर्धगोल ठेवून आइस्क्रीम कोन, वृत्तचितीवर अर्धगोल ठेवून घुमट. ह्या गणितात पोरगी आधी दोघांची एकूण पृष्ठफळं बेरीज करायची. आता दोन्ही जोडून हातात दिलं आणि म्हटलं रंग कुठं कुठं लावशील? जिथं चिकटलंय तिथं ब्रश जात नाही. तेव्हापासून ती चूक बंद.

मध्यंतरी सुट्टीत बहिणीचा मुलगा आला होता, बारावी सायन्स, सीईटीची तयारी. त्यानं किट बघून "काय बे, खेळणी घेतली काय" म्हणून चेष्टा केली, आणि मग स्वतःच इष्टिकाचिती घेऊन अर्धा तास बसला. त्यांना थ्री-डी जॉमेट्री वेगळी असते, रेषा, प्रतलं, डायरेक्शन कोसाइन, स्क्यू लाइन. त्यानं पोरीला इष्टिकाचितीच्या दोन कडा दाखवल्या, एक वरची आणि एक खालची आडवी, ज्या भेटतही नाहीत आणि समांतरही नाहीत, म्हणे ह्याच स्क्यू लाइन, कॉलेजात हे कळायला मला महिना गेला. मग आप्पांनी त्याला पण पकडलं. त्यांच्या जुन्या दुकानाची खोली १२ फूट बाय ९ फूट, उंची ८. विचारलं, हितं सर्वात लांब पाइप किती फुटाचा मावेल? पोरगा १५ म्हणाला, जमिनीवरचा कर्ण. आप्पा हसले. १४४ आणि ८१ आणि ६४, बेरीज २८९, वर्गमूळ १७. खालच्या कोपऱ्यातनं समोरच्या वरच्या कोपऱ्यात, सतरा फूट. पोरानं लगेच बारा सतरांश, नऊ सतरांश, आठ सतरांश असं लिहून तिन्हीच्या वर्गांची बेरीज एक करून दाखवली, म्हणे हेच डायरेक्शन कोसाइन. आप्पांना ते काय पटलं नाही, पण सतरा बरोबर आल्यावर त्यांनी त्याला शेंगाचटणी-भाकरी खायला बसवलं.

ॲपबद्दल पण दोन शब्द, कारण ऑफिसातल्या सगळ्यांनी हेच विचारलं की फोनवर फुकट असताना ११५० कशाला घातले. जिओजेब्राचं थ्री-डी ॲप आहे, फुकट आहे, चांगलं आहे, शंकूला प्रतलानं कापून बघायचं असेल तर किटमध्ये ते होऊच शकत नाही आणि ॲपमध्ये बोटानं होतं. घ्याच. पण फोनवरचा शंकू शेवटी काचेवरच असतो, चपटा, आणि आमच्या घरी तरी फोन हातात दिला की दहा मिनिटांत शंकूचं रील होतं. ज्वारी ओतताना रील बघता येत नाही.

कुणी घ्यावं? आठवी-नववीतलं पोर असेल तर जास्त उपयोग, दहावीला डिसेंबरनंतर घेऊन काही होत नाही, तेव्हा पोरं पेपर सोडवायच्या मागं असतात. क्लासवाल्यांनी एक घेऊन दहा वर्षं वापरावं. एकट्या पोरासाठी परवडत नसेल तर खरं सांगू, शंकू, गोल आणि वृत्तचिती एवढे तीनच सुटे मिळाले तर घ्या, बाकीचं काड्यापेटी, औषधाचं खोकं, पेल्या-बादलीवर भागतं. दुकानदार सुटं द्यायला नाही म्हणतील, मी विचारलं होतं. आणि दुकानातच शंकू आणि वृत्तचितीत पट्टी घालून आतली खोली बघा, तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर दुसरं खोकं काढायला सांगा.

आप्पांनी मागच्या आठवड्यात जुन्या ओळखीच्या एका दुकानात बसून, तिथल्या पोराला हाताशी धरून, पत्र्याचा एक शंकूछेद बनवून आणलाय, ८ सेंटीमीटर तोंड, ५ तळ, किटच्या खोक्यात बरोबर बसतो. पोरगी त्यावर शाईनं त्रिज्या-उंची लिहिणार होती. पण बायकोनं आधीच तो ज्वारीच्या पोत्यात माप म्हणून टाकलाय आणि परत द्यायला तयार नाही.